राखलेल्या गवतात

अध्यक्ष व्हायला दुर्गाबाईला शेषरावानंच भरीस घातलं होतं. गाव हे पुढं विसरून गेलं. तो विसरला नाही.

मृग लागायच्या आधीची गोष्ट. बोरखेडीच्या विहारासमोरच्या ओट्यावर सभा बसली होती. गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे ढोरं चारायचा सरकारी माळ, नव्वद एकर. माळाला लागून ज्यांची वावरं होती, ते दरसाल दोन-दोन तास, म्हणजे नांगराच्या ओळी, आत सरकत गेले आणि तीस एकर कपाशीखाली गेली. उरलेल्या साठात दगड उघडे पडले होते. गवत बोटभर वाढायच्या आत ढोरांच्या दातात जायचं. अकोल्याच्या एका संस्थेच्या शाइस्ता मॅडम आल्या होत्या. पंचविशीची पोरगी, डोक्यावर ओढणी. त्यांनी सांगितलं, की साठातली चाळीस एकर चराई बंद करा. आत ढोर घालू नका, बी झडलं की विळ्यानं कापा आणि घरोघरी न्या. बाकी वीस एकर चरायला मोकळी राहील. हे सगळं पाहायला एक समिती पाहिजे आणि तिची अध्यक्ष बाई पाहिजे.

शेषराव तायडे गावचा गायकी. सकाळी घरोघरची ढोरं गावाबाहेर आखरावर जमा करायची, दिवसभर चारायची, दिवस बुडायच्या आत ज्याच्या-त्याच्या दावणीला पोचवायची. बापानंही हेच केलं. बापाच्या काठीमागं तीनशे ढोरं चालायची, त्याच्या काठीमागं एकसष्ट. कोणतं गवत कोणत्या महिन्यात गोड लागतं, कशानं दूध वाढतं, कशानं पोट फुगतं, हे त्याच्याइतकं गावात कोणाला ठाऊक नव्हतं. सभेत सगळे तसं म्हणालेही.

बायांच्या घोळक्यातून कोणीतरी त्याच्या बायकोचं, दुर्गाबाईचं नाव घेतलं. ती पदर तोंडाला लावून हसली. "मले काय समजते त्यातलं?"

"हो म्हण व," शेषराव मागून म्हणाला. "नावाले तं व्हायचं हाय. काम मी पायतोच."

सगळे हसले. शाइस्ता मॅडमनं नाव लिहून घेतलं.

पाऊस बरा झाला. चाळीस एकराभोवती चर खणला, चराच्या काठानं बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, रोवल्या. राखण कोणी करायची हा प्रश्न निघाला तेव्हा शेषराव सावरून बसला. सरपंच देवमननं त्याच्याकडे पाहिलंही. पण शाइस्ता मॅडम म्हणाल्या, "जो चारतो त्यालाच राखायला लावू नका. ढोरं भुकेली असली की त्या माणसाची ओढाताण होते." मग बायांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या. घरी आल्यावर शेषराव अर्धी भाकर ताटात तशीच ठेवून उठला.

भादव्यात अकोल्याहून साहेब लोक गवत पाहायला आले. शेषराव ढोरं घेऊन चराच्या अलीकडे उभा होता, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठी. पलीकडे गुडघाभर गवतातून दुर्गाबाई पुढं चालली होती आणि तिच्या मागं पाच-सहा माणसं. ती वाकायची, काडी उपटायची, मोठ्या साहेबांच्या हातात द्यायची.

"हे पवन्या. हे मारवेल, गोड रायते, ढोर पयले हेच धुंडते. हे शेडा. आन् हे कुसळी."

"कुसळी खातात का ढोरं?" साहेबांनी विचारलं.

"कवळी हाय तवर खातात. कुसळ फुटलं का तोंडाले टोचते. मंग भुकं मरन, पण ढोर तोंड नाई लावत."

शेषरावाला चटका बसल्यासारखं झालं. हे बोलणं त्याचं होतं. 'भुकं मरन पण' हेसुद्धा त्याचंच. पंचवीस-तीस वर्षं तो असंच म्हणत आला होता, याच माळावर, याच दगडांत.

"बाई, तुम्ही तर आमच्या शेतकी कॉलेजातल्या सरांना शिकवाल," साहेब म्हणाले. सगळे हसले. दुर्गाबाईनं चराच्या अलीकडे पाहिलं. आता ती हाक मारेल, म्हणेल, यांना विचारा, हे यांचं आहे. त्यानं डोक्यावरची खोळ काढली. तेवढ्यात साहेबांनी दुसरी काडी पुढं केली आणि ती वळली.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. तो दारात बसला होता.

"तू सांगून राह्यली होती ते कोणाचं होय?"

"काय?"

"कुसळीचं."

"कुसळीचं काय कोणाचं रायते?" तव्यावरची भाकर तिनं उलटली. "कुसळी कुसळी हाय."

बोललं तर आपण लहान दिसतो, एवढं त्याला कळत होतं.

मग संस्थेनं पाळीवरच्या बायांना बूट दिले. तपकिरी, जाड कापडाचे. दुर्गाबाईनं जन्मात बूट घातला नव्हता. उंबऱ्यावर बसून ती नाडीशी झटत होती. "आयकता काय, हे कसं बांधतात वो?"

"मले काय मालूम? मले कोनं देल्ले बूट?"

त्याच्या पायात टायरची चप्पल होती. टाचेला भेगा, आणि पिंढरीवर कुसळ आत मोडून राहिल्याचे काळे ठिपके, कातडीखाली मोहरी पेरल्यासारखे. ती नाडीची गाठ कशीबशी मारून निघून गेली. गेल्यावर त्यानं तिच्या पावलांचे ठसे पाहिले. चिखलात नक्षी उठली होती. त्यानं त्यावरून ढोरं हाकलली.

पेपरात फोटो आला. मधोमध दुर्गाबाई, हातात गवताची जुडी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एक परगावचा माणूस बसला होता, टपरीवाल्यानं त्याला शेषरावाकडे बोट करून सांगितलं, "हे अध्यक्षीणबाईचे मालक." त्या माणसानं हात जोडले. शेषरावानंही जोडले. पेपर मागून घेतला, घडी केली, ओल्या बाकड्यावर ठेवला आणि त्यावर बसून चहा प्याला.

पोरगी प्रियदर्शनी अकोल्याला नर्सिंगला होती. तिचा फोन आला. "बाबा, मायचा पेपर ठेवजा. मले पायजे."

"वला झाला तो," शेषराव म्हणाला.

त्याच्या जळण्याला एक खरी बाजूही होती. साठ एकरात चरणारी ढोरं आता वीस एकरात चरत होती, आणि वर अन्सारच्या तीस बकऱ्या. अन्सार त्याचा माळावरचा सोबती, रोजची भाकर दोघं एका झाडाखाली खात. दिवाळीपर्यंत त्या वीस एकरात धूळ उडायला लागली. पलीकडे कमरेइतकं गवत वाऱ्यानं लवत होतं, पिवळं पडत होतं. ढोरं चराच्या काठाशी जाऊन उभी राहत, माना लांब करत. त्यांच्या नाकपुड्या फुललेल्या दिसत. त्याची स्वतःची गाय, चांदी, निम्म्या दुधावर आली.

"पंधरा दिवस थांबा," दुर्गाबाई म्हणाली. "बी झडू द्या. मंग कापाचंच हाय."

"मले शिकवते?"

"शिकवत नाई. सांगून राह्यली."

"बी कवा झडते ते तुले कोनं सांगितलं व? तुह्या शाइस्ता मॅडमनं?"

तिनं दुधाचं भांडं उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या आठवड्यात तिला अतिक्रमणाच्या कामासाठी मॅडमबरोबर तहसीलला जायचं होतं. राखणीची पाळी त्या दिवशी तिचीच होती. तिनं वेचणीला जाणाऱ्या दोन बायांना सांगून ठेवलं, की जाता-येता नजर टाका. शेषरावानं हे अंथरुणाच्या घड्या करता करता ऐकलं. अध्यक्षिणीच्याच पाळीत झालं तर गाव काय म्हणेल, हे त्याच्या मनात आपोआप आलं. आलं ते गेलं नाही.

दुपारी ऊन तापलं. बाया कपाशीत वाकलेल्या होत्या. त्यानं काठीनं चरावरची एक काटी ओढून बाजूला केली. मग दुसरी. चर तिथं उथळ होता. पुढची गाय थांबली. चार महिने तिला त्याच जागेवरून मागं हाकललं होतं. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"जाय," तो म्हणाला.

ती गेली. मग सगळी गेली. गवत तुटल्याचा आवाज सुरू झाला, करकर, एकसष्ट तोंडांचा. कितीतरी महिन्यांत त्यानं हा आवाज ऐकला नव्हता. तो पळसाखाली टेकला. अंगातून काहीतरी सैल होत गेलं. पाहा म्हणावं आता साहेबांना, नावं सांग म्हणावं तिला.

जरा वेळानं त्यानं पायाजवळचं पवन्याचं एक कणीस चिमटीत चुरलं. दाणा ओला होता. नखानं दाबला तर दूध निघालं. आठ-दहा दिवस कमी पडले होते. ढोरं वरची कणसंच ओरबाडत होती, बाकीचं खुरांखाली जात होतं. ज्या तुकड्यात आज ढोरं फिरली, तिथं पुढल्या साली काय उगवणार हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तो उठला नाही.

बकऱ्यांचा आवाज आला. अन्सार चराच्या काठावर उभा होता. "शेषरावभाऊ, खुल्लं झालं काय?"

शेषराव बोलला नाही. हो नाही, नाहीही नाही. त्यानं फक्त मान वळवून ढोरांकडे पाहिलं.

"अल्ला! मंग मले सांगाचं तं," अन्सार म्हणाला, आणि बकऱ्या आत घातल्या.

आता शेषरावाला भीती वाटली. त्यानं घाईनं ढोरं गोळा केली, नाल्याच्या अंगानं खाली उतरवली. अन्सारला हाक मारायचं मनात आलं. हाक मारली असती तर बायांनी वळून पाहिलं असतं. तो गेला.

वेचणीच्या बायांनी तासाभरानं पाहिलं तेव्हा आत फक्त अन्सार होता आणि त्याच्या तीस बकऱ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर सभा बसली. नियम गावानंच केला होता. ज्यानं जनावर आत घातलं, त्याच्या घरानं यंदा गवत कापायचं नाही. तीस बकऱ्या आणि उन्हाळाभर चारा नाही, म्हणजे बकऱ्या विकायच्या. अन्सारची बायको हाजराबी भिंतीला टेकून उभी होती, हाताची बोटं एकमेकांत अडकवलेली.

"मी गेलो तवा काटी हटेलच होती," अन्सार म्हणाला.

"कोनं हटवली?" देवमननं विचारलं.

अन्सारनं खाली पाहिलं. शेषराव समोरच बसला होता, हातभर अंतरावर. "मले नाई मालूम," अन्सार म्हणाला.

"मंग लिहा अन्सारचं नाव."

"थांबा," दुर्गाबाई उठली. "म्या सकाऊन फिरून पाह्यलं. शेणाचे पोव हायत, आन् लेंड्या त्या पोवावर पडेल हायत. शेण पयलेचं, लेंड्या मंगच्या. बकऱ्या मांगून गेल्या. पयले ढोरं गेले."

लिहिणाऱ्यानं पेन वर उचललं.

"गावात ढोरं एकाच काठीमांगं जातात," ती म्हणाली. "तायड्याचं घर लिहा पयले. माहं घर."

सगळी तोंडं शेषरावाकडे वळली. कानांच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या. आणि त्या आगीतही त्याच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की हिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. बाया हिच्याकडे कशा पाहत आहेत. चोरी मी केली, आणि मोठी हीच झाली. अन्सार समोर बसला आहे हे त्याला त्यानंतर आठवलं.

तो उठला. "काटी म्या काढली. अन्सारनं इचारलं, खुल्लं झालं काय म्हणून. म्या नाई म्हटलं नाई. त्याले वाटलं, खुल्लं झालं. त्याचं नाव काटा."

अन्सारचं नाव काढलं. तायड्यांचं राहिलं.

कापणी सुरू झाली तेव्हा गल्ल्यांतून गवताचे भारे जाताना दिसू लागले. दुर्गाबाई दिवस उगवायला विळा घेऊन जायची, इतरांच्या ओळी लावून द्यायची, कापू लागायची आणि संध्याकाळी रिकाम्या डोक्यानं परत यायची. हाताला गवताची कापं पडलेली. चांदीपुढं सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, टाकायची. चांदी तोंड फिरवायची. घरात कामापुरतं बोलणं होत होतं, मीठ, पाणी, दावं. त्याला वाटायचं, हिनं एकदा भांडावं. ती भांडत नव्हती. त्याचाही त्याला राग यायचा.

एक दिवस हाजराबीनं त्यांच्या दारात एक भारा आणून टाकला. "गायीले घाला, भाभी."

"नको व," दुर्गाबाई म्हणाली. "नियम हाय."

हाजराबी भारा तिथंच ठेवून निघून गेली. चांदी दाव्याला हिसके द्यायला लागली. दुर्गाबाई भाऱ्याकडे पाहत उभी राहिली, मग आत जाऊन बसली. शेषरावानं भारा डोक्यावर घेतला. भर दिवसा, टपरीवरून, विहारावरून, सगळ्या गावातून तो अन्सारच्या घरी नेऊन टाकला. अन्सार बाजेवर बसला होता. त्यानं सरकून जागा केली. शेषराव टेकला. हाजराबीनं चहा आणला.

चैतात पुन्हा साहेब आले. शाइस्ता मॅडमनं सभेत सांगितलं, "ढोरं उपाशी राहिली म्हणून काटी निघाली. चारणाऱ्यांना विचारल्याशिवाय पुढचं वर्ष ठरवायचं नाही, असं दुर्गाताईंचं म्हणणं आहे. शेषरावभाऊ, तुम्ही सांगा."

तो उभा राहिला. वर्षभर तो ढोरांमागं चालता चालता मनातल्या मनात या लोकांशी बोलत आला होता. काय काय सांगेन, कसं सांगेन, साहेब कसे बघत राहतील. आता त्यातलं एकही वाक्य पुढं येईना. साहेबांनी पेन उघडलं होतं. त्यानं दुर्गाबाईकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तरी गाडी निघाली असती. ती स्वतःच्या हाताची नखं बघत बसली होती.

शेवटी त्यानं काठीनं धुळीत एक मोठा चौकोन काढला आणि त्याचे चार तुकडे केले.

"असं पाहा. साठ एकराचे चार भाग करा. एक पुरा बंद, बी पडाले. बाकी तिनांत पाळीनं चारू. पंधरा दिस एकात, मंग दुसऱ्यात. पयला तवर फुटते. पुढच्या साली बंद भाग बदला." त्याचा आवाज आता निघाला. "बकऱ्या ढोराच्या मांगून. आंधी नाई. बकरी कवळा फुटवा मुळापासून ओढते."

साहेबांनी विचारलं, पावसात खूर रुततात तेव्हा काय. त्यानं सांगितलं, तवा वरचा खडकाळ भाग धराचा. अन्सारनं पाण्याच्या वाटेचं सांगितलं. अर्धा तास दोघंच बोलत होते आणि साहेब लिहीत होते. तसंच करायचं ठरलं.

बोलून झाल्यावर शेषरावानं पुन्हा बायकोकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काही दिसतं का, हे तो शोधत होता. ती पदर खोचून सतरंजी गुंडाळत होती.

घरी जाताना ती दोन पावलं मागं चालत होती.

"आता बरं वाटलं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मले नाई वाटलं."

तो थांबला.

"सारे तुमचंच आयकून राह्यले होते," ती म्हणाली. "माह्या पोटात दुखलं. म्हटलं, गेलं आता माहं. खरं सांगते. मीच मॅडमले म्हटलं होतं, यायले इचारा म्हणून, तरी दुखलं."

"मंग तू मधात काहून नाई बोलली?"

"बोलली असती तं तुमी पुन्हा काटी काढली असती." ती चालू लागली. आता तो मागं होता. "आन् हे काय आजचं हाय? लगन होऊन आली तवापासून. तुमी सकाऊन ढोरं घेऊन चालले जा. मी आखरावर उभी राहून पाहो. तुमाले सारा माळ, मले चूल. लय जळो मी. गवत कापाचं निमित करून मांगून येत होती. तुमी ढोराइसंगं बोलत जा, हे खाय, ते नको खाऊ, हे टोचते. माह्यासंगं तं कधी येवढं बोलले नाई. लांबून आयकत होती. कुसळीचं तथीच शिकली."

शेषरावाला तीस वर्षांतली एकही दुपार आठवली नाही, की ज्यात त्यानं मागं वळून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी घ्यायला गेला तर काठी तिच्या हातात होती.

"आज ढोरं मी नेते. तुमी घरी राहा."

"एकसष्ट ढोरं हायत व."

"मोजता येतात मले."

तो आखरापर्यंत मागं गेला. ढोरं उठली, अंग झटकलं, वाटेला लागली. चांदी रोज रेंगाळायची, हाक मारल्याशिवाय चालायची नाही. आज ती दुर्गाबाईच्या मागं सरळ चालली. एकाही ढोरानं मान वळवली नाही. धूळ उठली. त्या धुळीत ती लहान लहान होत गेली, आणि शेषरावाच्या पोटात तेच, तसंच जळलं.

"नाल्याकडून नको नेजो!" तो ओरडला.

तिनं मागं न पाहता काठी वर केली.

घरी येऊन तो चुलीपुढं बसला. काड्या सारल्या. धूर डोळ्यांत गेला. डोळे पुसून त्यानं दाराकडे पाहिलं, इथून माळ दिसतो का ते. थोडं वाकून पाहिलं, मग मान तिरपी करून पाहिलं.

दिसत नव्हता.